पुनर्जन्म, मोक्ष आणि देहाचे मोल



आजच्या मंगल प्रसंगी मोक्ष आणि पुनर्जन्म या विषयावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय शास्त्री-पंडितांचा, आणि मी आपणासारखाच एक प्रपंची. म्हणून सिद्धान्ताचा काथ्याकूट न करता एका गावाच्या निमित्ताने तो आपणापुढे ठेवतो.

नागपूरपलीकडे मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठी वळणाचे तालुके आहेत. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णेकर, दुसऱ्या काठावर सावरगावकर. आणि झाडासाठी दोहोंत दगडांचा वर्षाव सुरू होतो. हीच प्रसिद्ध गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन निघाला असता दोघेही नदीच्या मध्यावर दगडांच्या माऱ्यात मेले, अशी दंतकथा सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेला अर्पण होतो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविले, तरी लोकांनी दगडच हाती घेतले.

अशा मृत्यूनंतर आपण म्हणतो, ‘आत्मा अमर आहे, देह काय, पुन्हा मिळेल.’ शोकाकुल घरी हे बोल योग्यच आहेत. परंतु दगड उचलण्यापूर्वीच ते कोणाच्या मनात असतील, तर तो शास्त्राचा विपर्यास होय.

पतंजलींच्या मते क्लेशांतून कर्माशय साठतो आणि त्याचे फळ जन्म, आयुष्य व भोग या रूपाने मिळते. अर्थात पुढला देह आपोआप मिळणारे नवे वस्त्र नव्हे. तो या देहाने केलेल्या कर्माचा हिशेब आहे. मरणाचे भय विद्वानालाही सुटत नाही, असे ते सांगतात. त्याच भयावरून भाष्यकार व्यास पूर्वजन्माचे अनुमान काढतात: ज्याने मरणाचे दुःख कधी अनुभवलेच नाही, तो नुकता जन्मलेला जीव त्याला का भ्यावा? मग ज्या दुःखाची आठवण जन्मोजन्मी पुसत नाही, ते दुसऱ्याला देणे क्षुल्लक कसे मानावे?

योगाच्या आठ अंगांत पहिले यम, आणि यमांत पहिली अहिंसा. या यमांना जात, स्थळ, काळ वा प्रसंग यांचा अपवाद लागला नाही, तरच ते महाव्रत ठरते. ‘एरवी मी कोणाला मारणार नाही, फक्त या नदीत, फक्त या दिवशी, फक्त रूढीसाठी,’ ही पळवाट पतंजलींनी आधीच बंद करून ठेवली आहे.

येथे कोणी वेदान्ती आडवा येईल. कवळ्याचा मठ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गौडपादाचार्यांनी तर जन्मच खरा नाही असे प्रतिपादिले. मग मरतो कोण आणि मारतो कोण? पण त्याच आचार्यांनी ज्या अस्पर्शयोगाला वंदन केले, तो सर्व प्राण्यांना सुखकर, हितकर आणि निर्विवाद आहे, असेही म्हटले आहे. अजातवाद सांगणाऱ्यानेही प्राणिमात्राचे हित सोडले नाही, हे विसरून चालणार नाही.

त्याच जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात जामसावळी येथे मारुतिरायाची पहुडलेली मूर्ती आहे. देहाने व मनाने पीडलेल्यांना त्यांचे आप्त मोठ्या आशेने तेथे घेऊन येतात. त्या आशेत देहाचे खरे मोल दिसते. मोक्षाचा प्रवास याच देहाच्या होडीतून करावयाचा आहे. ती आपणच फोडली तर पैलतीर कसा गाठणार?

पांढुर्णेकरांच्या श्रद्धेचा उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. पळस राहो, झेंडा राहो, चंडीमातेचा उत्सव थाटाने होवो. त्या दोन जीवांचे स्मरणही अवश्य व्हावे. पण ज्या दगडांनी त्यांचा प्राण घेतला, ते यापुढे नदीतच राहू द्यावेत. आणि आपणही आपापल्या देवळांतील रूढी याच कसोटीवर घासून पाहाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.