डेन्मार्कमधली पाळणाघराची सक्ती

डेन्मार्कमध्ये उपचार आणि विद्यापीठाचं शिक्षण मोफत आहे, पण करही जबर आहेत. सगळे कमावतील आणि सगळे कर भरतील, या भरवशावर ही व्यवस्था चालते. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला काम कधी मिळतं, भाषा कधी येते, हा प्रश्न थेट सरकारी तिजोरीपर्यंत जातो.

२०१८ मध्ये तिथे अशा लोकांच्या वस्त्यांबाबत काही कडक कायदे झाले. बेकारी, अपुरं शिक्षण, गुन्हे असे निकष लावून भाड्याच्या सामाजिक वसाहतींची यादी दरवर्षी निघते. निम्म्याहून अधिक रहिवासी 'बिगर-पाश्चात्त्य' वंशाचे असले, तर त्या वसाहतीला आणखी कडक नियम लागतात. यादीतल्या कुठल्याही वसाहतीतलं मूल एक वर्षाचं झालं, की त्याला आठवड्याचे २५ तास पाळणाघरात पाठवावं लागतं. नाही पाठवलं, तर बालभत्ता थांबू शकतो. पाळणाघरात डॅनिश भाषा शिकवतात, नाताळसारख्या सणांची ओळखही करून देतात.

भाषा लहानपणीच कानावर पडावी, हे मला मनापासून पटतं. पण यादीबाहेरच्या वस्तीतल्या आईला ही सक्ती नाही, हा उघड अन्याय आहे. घरांच्या बाबतीतही असाच अन्याय झाला. याच कायद्यांमुळे कोपनहेगनच्या म्यॉल्नरपार्केन वसाहतीतल्या भाडेकरूंना घरं सोडायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी थेट न्यायालय गाठलं.