अंगठा देण्याआधी

कळंबला आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई उठेना. हळूच म्हणाली, "पोरावर आळ आला होता. पोलीस घरी आले. झडतीला हरकत नाही, असा कागद होता म्हणं. मी अंगठा दिला. घरात काही सापडलं नाही. पण मला नाही म्हणता आलं असतं का?"

तिच्यासाठी विचारून घेतलं, ते तुम्हालाही सांगते.

न्यायालयाचं वॉरंट असेल तर दार उघडावंच लागतं. वॉरंट नसेल आणि तातडी असेल, तर अधिकाऱ्यानं कारण लिहून ठेवायचं आणि ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. तेव्हाही अडवू नका, भांडू नका. पण यातलं काहीच नसेल आणि नुसती संमती मागत असतील, तर ‘नाही’ म्हणता येतं. म्हणून आधी विचारा, "साहेब, वॉरंट आहे की माझी परवानगी मागताय?"

झडती होताना घरातल्या कुणीतरी हजर राहावं. दोन पंच लागतात. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरणही करायचं आहे. जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्या.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घ्या, असं म्हणायचा हक्क आहे. तो हक्क पोलिसांनीच सांगायचा असतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठरवलं. राजस्थानातल्या एका खटल्यात दोघांना मिळून एकच नोटीस दिली आणि एकानंच दोघांसाठी सही केली. न्यायालयानं २०१४ मध्ये ते मानलं नाही. हक्क ज्याचा त्याचा, सांगायचाही ज्याला त्याला. म्हणजे घरधन्याची सही तुमची होत नाही.

बायांनो, कर्जाचा कागद आपण गटात मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करतो का? मग हाही वाचून घ्या. कोऱ्या कागदावर तर अंगठा नकोच.

अडचण आली तर १५१०० ला फोन करा. बाईला सरकारी वकिली मदत फुकट मिळते, उत्पन्नाची अट नाही.

ती ताई आता म्हणते, "पुढच्या वेळी आधी वाचायला लावीन."