विस्मरणाची गोळी आणि मंदावलेली नाडी

उसाच्या पट्ट्यातल्या कॅज्युअल्टीत एक प्रश्न ठरलेला असतो. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, उलट्या-जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि नाडी मंद, असा रुग्ण आला की डॉक्टर नातेवाइकांकडे वळतात. "फवारणी केली होती का? काही पोटात गेलंय का?" शिरूर असो की दौंड, घोड-भीमेच्या काठच्या बागायतीत कीटकनाशकाची विषबाधा कुणाला नवी नाही.

आता श्रोतेहो, समजा त्या खाटेवर ऐंशीच्या घरातल्या आजी आहेत. फवारणीच्या पंपाला त्यांनी कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. मुलगा सांगतो, "बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही." बाकीचं घरी राहिलेलं असतं, देवघराशेजारच्या स्टीलच्या डब्यात. पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेली विस्मरणाची गोळी. घरच्यांच्या लेखी तो म्हातारचळ, त्यामुळे ती गोळीही औषधांच्या यादीत धरली जात नाही.

डॉक्टरांच्या दृष्टीनं मात्र महत्त्वाची गोष्ट नेमकी त्या डब्यात असते. अल्झायमरमध्ये मेंदूतलं अॅसिटिलकोलीन हे रसायन कमी पडतं. डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मीन ही औषधं त्याचं विघटन करणाऱ्या कोलीनेस्टरेज या एन्झाइमला अडवतात. शेतात फवारली जाणारी अनेक कीटकनाशकं तेच एन्झाइम अडवतात. रिव्हास्टिग्मीन तर कार्बामेट कुळातलं, आणि उसाच्या मुळाशी वर्षानुवर्षं टाकलं गेलेलं कार्बोफ्युरानही त्याच कुळातलं. म्हणून कुणी घाबरून गोळी बंद करू नये. औषधाची मात्रा मोजूनमापून ठरवलेली असते. पण ती मात्रा चुकली, तर लक्षणं त्याच वाटेनं येतात. आणि चुकायला वाव भरपूर असतो: सकाळी गोळी घेतली हेच जिला आठवत नाही, ती आजी दुपारी पुन्हा घेते.

रिव्हास्टिग्मीनच्या पट्टीची तऱ्हा आणखी वेगळी. ही पट्टी कातडीला चिकटवायची आणि दर चोवीस तासांनी बदलायची असते. जुनी काढायची राहते, नवी लागते, अशा चुकांमधून विषबाधा झाल्याची, मृत्यू ओढवल्याचीही उदाहरणं परदेशांतल्या औषध नियंत्रकांनी नोंदवली आहेत. त्यामुळे अशा रुग्णाचं पोलकं वर करून पाठ, दंड, छाती पाहणं हा तपासणीचाच भाग. पट्टी निघाली आणि ती लावल्याची वेळ पाहिली, तर निम्मं कोडं तिथंच सुटतं. न पाहिल्यास गोंधळ वाढतो, कारण विषबाधेच्या संशयानं पाठवलेल्या रक्ततपासणीत कोलीनेस्टरेजचं प्रमाण रिव्हास्टिग्मीनमुळेही कमी दिसू शकतं. मग पोलिसांना कळवणं आलं, जबाब आले, आणि घरात सुनेकडे संशयानं बघणारे चार डोळेही आले.

दुसरी अडचण खंडाची. पाकीट संपतं, पुण्याला जाणारं कुणी नसतं, आठ-पंधरा दिवस निघून जातात आणि मग पूर्वीइतकीच मात्रा एकदम सुरू होते. रिव्हास्टिग्मीनमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून चढावं लागतं. नाहीतर उलट्या एवढ्या जोराच्या होतात की अन्ननलिका फाटल्याची नोंद आहे. घरी मात्र निदान झालेलं असतं: "काहीतरी शिळं खाल्लं असेल, सलाईन लावा."

सगळ्यांत जास्त चकवते ती नाडी. डोनेपेझिलनं हृदयाचे ठोके मंदावू शकतात, माणूस भोवळ येऊन पडतो आणि खुबा मोडतो. मग सगळं लक्ष हाडाकडे जातं; माणूस का पडला, हे कुणी विचारत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ही औषधं घेणाऱ्यांना भोवळीसाठी रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला 31.5 होतं, न घेणाऱ्यांत 18.6. पेसमेकर बसवावा लागण्याचं आणि खुबा मोडण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त निघालं. सोबत बीपीसाठी अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी आणखी खाली येते. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबही हाच परिणाम करू शकतात, आणि थेंबांना औषध म्हणून मोजणारे नातेवाईक विरळाच. इथं ईसीजी लागतो, तो लगेच लागतो. डोनेपेझिलचं अर्धं प्रमाण रक्तातून जायला सुमारे सत्तर तास लागतात, म्हणून गोळी बंद केली तरी नाडी त्याच दिवशी ताळ्यावर येईल असं नाही. पडून खुब्याचं ऑपरेशन ठरलंच, तर भूलतज्ज्ञांनाही ही गोळी सांगावी लागते. भूल देताना स्नायू सैल करणाऱ्या सक्सामिथोनियमचा परिणाम तिच्यामुळे लांबू शकतो.

उपचारही कधी कधी अंगावर येतात. उलट्यांवर सहज टोचलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड रिव्हास्टिग्मीनसोबत देऊ नये, हातापायांना ताठरता आणि कंप येऊ शकतो. पोटदुखीवरचं डायसायक्लोमीन अॅसिटिलकोलीनच्याच विरुद्ध काम करतं, आजी आणखी भ्रमिष्ट होतात.

अर्थात, प्रत्येक गडबड औषधाचीच, असंही नाही. म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं लघवीतल्या जंतुसंसर्गानं, साखर किंवा सोडियम घसरल्यानं जास्त वेळा होतं. ते तपासायचं, आणि डबाही मागवायचा. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनं मांडला आहे. तालुक्याच्या रुग्णालयालाही हे रुग्ण टळणार नाहीत.

आता अल्झायमरवर नवी इंजेक्शनं येत आहेत. मेंदूत साठणारं अमायलॉइड काढणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं शिरेतून दिली जातात. डोनानेमॅबला 2025 मध्ये भारतात परवानगी मिळाली, आणि अमेरिकेतल्या मुलाकडे राहून आलेल्या आजोबांनी तिथं ती घेतलेली असू शकतात. या इंजेक्शनांचा धोका वेगळा: मेंदूला सूज, बारीक रक्तस्राव. डोकेदुखी, गोंधळ, अंधुक दिसणं, फिट अशी लक्षणं, म्हणजे थेट पक्षाघातासारखं चित्र. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे सहज निसटतं, एमआरआय लागतो. शिकागोत लेकानेमॅब घेत असलेल्या 65 वर्षांच्या रुग्णाला पक्षाघाताच्या लक्षणांवर गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं. मेंदूत जागोजागी रक्तस्राव होऊन रुग्ण दगावला. ही नोंद जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 108 च्या रुग्णवाहिकेतून पुण्याकडे निघालेल्या अशा रुग्णाबाबत इंजेक्शनचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख पुढच्या रुग्णालयाला फोनवरच कळवावी लागते, कारण गुठळीच्या औषधाचा निर्णय तिथं पोचल्यावर काही मिनिटांत होतो.