अत्तर लावून येऊ नये
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' सांगायला पाच मिनिटं दिली आहेत. मी एकाच जेवणाबद्दल सांगते.

कंपनीच्या कामासाठी टोकियोला गेले होते. काम संपल्यावर तिथल्या साहेबांनी आम्हाला गिंझा भागातल्या सुशीच्या एका महागड्या हॉटेलात बोलावलं. आदल्या दिवशी निरोप आला, 'कृपया अत्तर लावून येऊ नये.' माशाचा वास इतका हलका असतो, की शेजारच्याच्या अत्तराने तो मारला जातो.

आत लाकडी कट्ट्यापुढे जेमतेम आठ खुर्च्या. मेनूकार्ड नाही. याला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. समोर उभे असलेले आचारी एकेक घास वळून पुढ्यात ठेवतात आणि तो लगेच खायचा, कारण भात अंगाइतका कोमट असतो. हाताने खाल्लं तरी चालतं. हे ऐकून मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या!

मध्येच चंदेरी सालीचा एक छोटा मासा आला, कोहादा. आपल्या तारलीच्या कुळातला, तसा स्वस्तच. तो आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. सुशीवाल्याचा हात कसा आहे, ते जाणकार यावरूनच ओळखतात. किती वेळ मुरवता, असं मी विचारलं. "मासा बघून," ते म्हणाले. माझ्या टीममध्ये कुणी असं उत्तर दिलं असतं, तर मी ऐकून घेतलं नसतं. साहेबांनी सांगितलं, की ही सुशी एकोणिसाव्या शतकात टोकियोच्या, म्हणजे तेव्हाच्या एदोच्या, रस्त्यांवरच्या गाड्यांवर मिळायची. कष्टकऱ्यांचं खाणं.

तो घास तोंडात असताना मला आपला आठवीचा वर्ग आठवला.

आपली शाळा बंदरापासून दहा मिनिटांवर. आमच्या घरी मासे नव्हते. मी खायला शिकले ती इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर. आठवीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने एकदा डब्यात तारलीचं सुकं आणलं होतं. मी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाहेर जाऊन खा ना." ती उठली आणि व्हरांड्यात जाऊन जेवली. तुमच्यापैकी काही जण हसले होते. तुम्हाला आठवत नसेल. मलाही तीसेक वर्षं आठवलं नव्हतं.

आणि इथे माशाला माझ्या वासाचा त्रास होऊ नये म्हणून मी अत्तर न लावता, साबणसुद्धा बिनवासाचा वापरून आले होते. त्या एका जेवणाचं बिल माणशी तीस हजार येनच्या वर असावं. मी तर पुन्हा पुन्हा वाकून आभार मानत होते.

ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, तिने नको म्हटलंय. हे सगळ्यांसमोर सांगू का, हे विचारायला गेल्या आठवड्यात तिला फोन केला. माफीही मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सांग. पण पुढचंही सांग. त्यानंतर दहावीपर्यंत मी डब्यात बटाट्याची भाजीच आणली. आई विचारायची, तुला मासे आवडेनासे झाले का गं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुझे ते जपानी लोक माशाला कोकम लावतात का गं?" नाही म्हटलं, तर म्हणाली, "मग काय खाल्लंस तू!"

आज पंगतीत मी तिच्या शेजारी बसणार आहे. तिने घरून डबा आणलाय.