सरड्याच्या ताटातली रेशीमअळी

विदर्भात रेशीम म्हटलं की आधी आठवतो कोसा. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातली मंडळी टसरची अळी जोपासतात. राज्याचं रेशीम संचालनालयही नागपुरातच. आज मात्र बोलायचंय ते तुतीवरच्या पांढऱ्या अळीविषयी, आणि तेही लुगड्यासाठी नव्हे. बिअर्डेड ड्रॅगनसारखा परदेशी सरडा ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी ही अळी म्हणजे खाद्य. घोरपड आणि तारा कासव यात धरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे.

खाद्य म्हणून अळी उत्तमच. अंग मऊ, पाणी भरपूर, आणि रातकिड्यासारखी उडी मारून कपाटामागे दडत नाही. पण रेशीम शेतकऱ्याकडून परातभर अळ्या आणण्याचा सोपा मार्ग टाळा. शेडमध्ये दर कातीच्या सुमारास अळ्यांवर चुना किंवा ‘विजेता’ नावाची पावडर भुरभुरतात. कोषाचं पीक रोगापासून वाचवायला ती हवीच. सरड्याच्या पोटात मात्र ती नको. शेतकरी निवडून बाजूला टाकतो त्या अळ्या तर बहुधा आजारीच असतात.

म्हणून सुरुवात अंडीपुंजापासून करावी. एका पुंजात साधारण ४०० ते ५०० अंडी असतात आणि ती जवळपास एकदमच फुटतात. सुरुवातीला शेंड्याची चार कोवळी पानं पुरतात. चौथी कात टाकली की खरी भूक लागते: जन्मभरातल्या पाल्याचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा अळी त्या शेवटच्या आठवड्याभरात फस्त करते. सरडा एक आणि खाणारी तोंडं ४००! दारात तुती नसेल तर या नादी लागू नका. फवारलेला पाला अळीला मारतो, ओला पाला रोग आणतो. आणि नागपुरात हे वेगळं सांगायलाच हवं: खर्रा घोटलेल्या हातानं पाल्याला शिवू नका. तंबाखू अळीला विषच.

अळीला मानवतं २४ ते २८ अंश तापमान. आपला मे महिना ४५ च्या घरात जातो आणि कूलरच्या दमट हवेत पाल्याला बुरशी धरते. तेव्हा एप्रिल-मे सोडूनच द्या. येत्या पावसाळ्यात आधी तुतीची कलमं लावा, अंडीपुंज नंतर मागवा.