रक्ताचे अर्पण आणि रक्ताची साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेतील रक्तार्पण आणि हौतात्म्य या विषयावरील ही परिषद लालबागमध्ये, म्हणजे मुंबईच्या गिरणगावात, भरावी, हे उचितच आहे. कारण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना प्राण देणारा बाबू गेनू गिरणी कामगारच होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही कामगार वस्त्यांनी आपली माणसे गमावली. हुतात्म्यापुढे मान लववणे या वस्तीला शिकवावे लागत नाही. मात्र ख्रिस्ती धर्मविचारात हौतात्म्याचे मूळ निराळे आहे, आणि ते लक्षात न घेता केलेली चर्चा शौर्याच्या गौरवापाशीच थांबेल.

ते मूळ प्राचीन इस्राएलच्या यज्ञसंस्थेत सापडते. जुन्या करारानुसार प्राण्याचे जीवन त्याच्या रक्तात असते, आणि जीवन देवाचे असल्यामुळे ते रक्त सेवन करायचे नसून वेदीवर वाहायचे असते. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातील दास्यातून सुटकेच्या रात्री, कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले गेले. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक बळीचे रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जाई, आणि वर्षानुवर्षे त्याला पुन्हा जावे लागे. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र याच पुनरावृत्तीवर बोट ठेवते आणि सांगते की ख्रिस्त स्वतःच याजक आणि स्वतःच बळी झाला, त्याने आपले रक्त एकदाच व कायमचे अर्पण केले, आणि म्हणून यापुढे दुसऱ्या बळीची गरज उरली नाही. मिस्सा आणि प्रभुभोजन यांच्या अर्थाविषयी कॅथलिक व प्रोटेस्टंट मंडळींत मतभेद असले, तरी या एकमेवतेविषयी दोघांचेही एकमत आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. रक्तसाक्षी, म्हणजे आपल्या विश्वासाची साक्ष प्राण देऊन पुरी करणारा माणूस, स्वतःच्या रक्ताने कोणाचे पाप फेडत नाही, कारण श्रद्धेच्या दृष्टीने ते आधीच फेडले गेले आहे. तो फक्त त्या अर्पणाकडे निर्देश करतो. पहिला रक्तसाक्षी स्तेफन दगडांचा मारा सोसत असताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत होता, आणि ही क्षमा वगळली तर ख्रिस्ती हौतात्म्यात विशेष असे काही उरत नाही.

या विचाराची उदाहरणे शोधायला रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातील चार भिक्षू, समुद्रमार्गे ठाण्याला पोहोचले आणि तेथील एका नेस्टोरियन, म्हणजे पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतील, कुटुंबाच्या घरी उतरले. पुढे या प्रदेशातून गेलेला ओदोरिक हा प्रवासी लिहितो की यजमानाने पत्नीला मारहाण केली, तिने काजीकडे दाद मागितली आणि घरात राहणाऱ्या भिक्षूंना साक्षीदार म्हणून पुढे केले. एका पीडित स्त्रीच्या फिर्यादीत ज्यांचे नाव साक्षीदार म्हणून निघाले, त्यांना तेथे धर्माविषयी प्रश्न विचारले गेले आणि अखेर प्राणाला मुकावे लागले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस याने त्यांचे देह पुरले आणि ओदोरिकने त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेल्या. ठाण्याच्या इतिहासात या प्रसंगाला आजवर मिळाले त्यापेक्षा पुष्कळ मोठे स्थान मिळायला हवे.

वसईचा गोन्सालो गार्सिया अधिक परिचित आहे, कारण त्याचे नाव तेथील महाविद्यालयालाही आहे. पोर्तुगीज वडील आणि स्थानिक आई यांचा हा मुलगा जेझुइटांसोबत, म्हणजे येशूसंघाच्या धर्मप्रसारकांसोबत, जपानला गेला, तेथील भाषा शिकला, व्यापारात पडला आणि नंतर मनिलात फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे पुरोहित नसलेला व्रतस्थ, झाला. १५९३ मध्ये तो दुभाषा म्हणून जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी गेला. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागल्यावर, धर्मप्रसारकांमागून फौजा येतात हा तेथील राज्यकर्त्यांचा संशय बळावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जपानी होते. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये या सर्वांना संतपद दिले. गोन्सालोची निष्ठा निःसंशय आहे. परंतु हिदेयोशीचा संशय अगदीच निराधार होता, असे वसाहतवादाचा इतिहास जाणणाऱ्याला म्हणता येणार नाही.

श्रद्धेची साक्ष आणि परकी सत्ता यांच्या संबंधाचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो गोव्याच्या साष्टी भागातील कुंकळ्ळी येथे. २५ जुलै १५८३ रोजी रोदोल्फो आक्वाव्हिवासह पाच जेझुइट तेथे मारले गेले आणि १८९३ मध्ये चर्चने त्यांना धन्य घोषित केले. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, आणि जेझुइटांच्या हत्येनंतर सूड म्हणून कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, वाटाघाटीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. रक्तसाक्षीच्या नावाने दुसऱ्याचे रक्त मागणे हे स्तेफनाच्या प्रार्थनेच्या थेट विरुद्ध आहे, आणि हे ख्रिस्ती अभ्यासकांनीच प्रथम व स्पष्टपणे म्हणायला हवे. म्हणून परिषदेच्या स्वागत समितीची विनंती अशी की, कुंकळ्ळीवरील चर्चेत त्या पाच जेझुइटांबरोबर असोळण्याला मारल्या गेलेल्या गावकारांचेही स्मरण तेवढ्याच आदराने केले जावे.