वृद्ध मातापित्यांची सेवा आणि आपलें कर्तव्य
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आपण गत पिढ्यांचें ऋण कृतज्ञतेनें आठवीत आहों. परंतु ज्या वडील माणसांनीं या धर्मग्रामासाठीं घाम गाळला, त्यांपैकीं कांहींना आज स्वतःचें नांवहि आठवत नाहीं. त्यांजविषयीं, आणि विशेषतः त्यांची सेवा करणाऱ्या मुलांविषयीं, दोन शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतों.

आमच्या शेजारची एक भगिनी दोन वर्षें रविवारच्या मिस्सेला दिसली नाहीं. तिचा विश्वास मंदावला, असें लोक बोलूं लागले. आणि लज्जेनें सांगतों, त्या बोलणारांत आम्हीहि होतों. पुढें एके सायंकाळीं कांहीं कामानिमित्त तिच्या घरीं गेलों, तों दाराला आंतून कुलूप. आंत तिची वृद्ध माता, आपल्याच घरांत उभी राहून, "मला माझ्या घरीं जाऊं द्या" म्हणून रडत होती. मुलगी हात धरून तिला अंगणांत फिरवून आणी, कीं पुनः तेंच. मिस्सेला जावयाचें तर आईला कोणाच्या हवालीं करावें? हा प्रश्न आम्हीं तिला कधींच विचारला नव्हता.

या व्याधीस स्मृतिभ्रंश म्हणतात. तें वेड नव्हे, म्हातारपणाचा स्वाभाविक धर्म नव्हे, आणि कोणाच्या पापाचें फळहि नव्हे. तो मेंदूचा रोग आहे. त्याचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्याचें वर्णन जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनीं १९०६ सालीं प्रथम केलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजानें भारतांत ६० वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसें या व्याधीनें ग्रस्त आहेत. बहुतेक प्रकार पूर्ण बरे करणारें औषध नाहीं. तथापि थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खिन्नता यांमुळेंहि विस्मरण होतें, आणि त्यांवर उपाय आहे. म्हणून आरंभींच डॉक्टरांस दाखवावें.

रोग्याशीं वाद घालूं नये. "आतांच तर जेवलीस" असें दहादां सांगून आईची समजूत पटत नाहीं, भय मात्र वाढतें. कालची गोष्ट पुसली जाते, पण बाळपणीं मुखोद्गत झालेल्या प्रार्थना पुष्कळदां उशिरापर्यंत टिकतात. मुलीचें नांव विसरलेली ती माउली, पवित्र माळ सुरू होतांच, आमच्याबरोबर नमो मारिया स्पष्ट म्हणूं लागली.

बेन सिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत, पित्याची बुद्धि क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घेण्याचा उपदेश आहे. चौथी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करवितों. पण ती एकट्या मुलीच्या खांद्यावर टाकून बाकीच्या धर्मग्रामानें हात झटकावे काय? सेवा करणाराहि मनुष्यच आहे. तो कधीं आईवर ओरडतो, आणि मग रात्रभर पश्चात्तापानें तळमळतो. त्याला उपदेश नको, उसंत पाहिजे.

म्हणून शेजाऱ्यांनीं आठवड्यांतून दोन तास रोग्याजवळ बसावें. दूर राहणाऱ्या भावंडांनीं नुसते पैसे पाठवून मोकळें होऊं नये. सुट्टींत येऊन भार घ्यावा. कोणी वृद्ध रस्त्यांत भांबावलेला दिसल्यास हंसूं नये, गोडीनें घरीं पोंचवावें. आजाऱ्यांस क्रिस्तप्रसाद नेणारांनीं सेवा करणारासहि तो हवा काय, हें विचारावें. वृद्धांविषयीं सल्ल्यासाठीं १४५६७ आणि मनाच्या ताणासाठीं १४४१६ हे सरकारी दूरध्वनि आहेत. तेथें बोलण्यांत कमीपणा नाहीं.

आमच्या आळींतील चार घरांनीं रविवारची पाळी वांटून घेतली. पहिल्या रविवारीं ती भगिनी देवळांत आली, आपल्या जुन्या जागीं बसली, आणि प्रवचन चाललें असतां तिला गाढ झोंप लागली. कोणीं तिला उठविलें नाहीं. ज्युबिलीच्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील अशा प्रत्येक थकलेल्या जिवाला तेवढी विश्रांति आपल्या हातून मिळो, अशी प्रभूपाशीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.